कट्टरतावादावर पीएचडी : एथिक्स कमिटीची मंजुरी मिळवताना

कट्टरतावादावर काम करते म्हटलं की लोक मुलाखतींबद्दल विचारतात. भीती नाही वाटत? खरं सांगायचं तर माझा कस लागला त्याआधीच, एथिक्स कमिटीपुढे, म्हणजे संशोधनामुळे त्यात भाग घेणाऱ्यांना इजा होणार नाही ना हे तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे. विषय होता हिंसक संघटना सोडून आलेली माणसं, आणि मंजुरी मिळेपर्यंत त्यांच्यापैकी कुणाशीही संपर्क साधायची सोय नव्हती.

कमिटीचा सगळा रोख एकाच प्रश्नावर होता : उद्या पोलिसांनी रेकॉर्डिंग मागितलं तर? प्रश्न हवेतला नव्हता. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांच्या सदस्यांना शब्द दिला होता, की तुम्ही हयात असेपर्यंत तुमच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती उघड होणार नाहीत. 2011 मध्ये समन्स निघाले आणि कोर्टकज्ज्यांनंतर त्यातल्या काही फिती पोलिसांकडे गेल्या. संशोधकाला वकील-अशिलासारखं कायद्याचं कवच सहसा नसतं. त्यामुळे ‘माहिती पूर्णपणे गोपनीय राहील’ हे वाक्य आम्ही संमतीपत्रात घातलंच नाही. त्याऐवजी सरळ लिहिलं : खटला न चाललेल्या गुन्ह्याचा तपशील सांगू नका, पुढे होणाऱ्या हिंसेबद्दल कळलं, तर मला ते कळवावं लागेल. सहीसुद्धा घ्यायची नाही असं ठरलं, कारण सही केलेला कागद हाच नाव फोडणारा पुरावा. तोंडी संमती, टोपणनाव, आणि मजकूर उतरवून झाला की रेकॉर्डिंग नष्ट.

प्रचारसाहित्याचा मुद्दा वेगळाच. 2008 मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी अल-कायदाची पुस्तिका डाउनलोड केली आणि त्याला सहा दिवस कोठडीत राहावं लागलं. म्हणून मी काय, कधी, कशासाठी उघडलं याची नोंदवही ठेवायची आणि ती गाइडने पाहायची, असा नियम झाला. कंटाळवाणं काम, पण रात्री निवांत झोप लागली ती या वहीमुळेच. हिंसेचे व्हिडिओ रात्री पाहायचे नाहीत, हा नियम मात्र माझा मीच केला.

या अटींनी प्रबंधाचा प्रश्नच बदलला, आणि माझ्या मते सुधारला. ‘काय केलंस’ विचारता येत नाही म्हटल्यावर ‘तेव्हा जवळ कोण होतं, बोलणं कुणाशी तुटलं, बाहेर पडताना दार कुणी उघडलं’ असं विचारू लागले. उत्तरांत विचारसरणी कमी, मित्र आणि भाऊ जास्त. संघटनेच्या आत तर इतका एकोपा, की सामाजिक सलोखा म्हणजे नुसता एकोपा ही व्याख्या मला सोडूनच द्यावी लागली. गटाच्या आतली वीण घट्ट असू शकते आणि बाहेरचे सगळे धागे तुटलेले. मग तशाच परिस्थितीत वाढूनही संघटनेत न गेलेल्यांनाही भेटू लागले. तुलनेला ते नसतील तर संघटनेत जाण्याचं कारण म्हणून काहीही खपवता येतं. अन्याय तर दोघांनीही सोसलेला असतो.

पीएचडीनंतरची नोकरी कंत्राटी, मुदत संपायच्या आतच पुढच्या निधीसाठी अर्ज. या विषयात बराच पैसा सुरक्षा खात्यांकडून येतो. तो घेणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण मी तो घेत नाही. ‘तुम्हाला पैसे कोण देतं?’ हे मुलाखतीआधी मला हमखास विचारलं जातं, आणि त्या उत्तरावरच समोरचा बोलायचं की नाही ते ठरवतो.