पासावरची चोवीस स्थानके

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाचा प्रकल्प लिहावा लागतो, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. पण मी रोज ज्या मार्गाने ये-जा करतो तोच मार्ग माझ्या अभ्यासाचा विषय होईल, असे कधी मनात आले नव्हते. मी डोंबिवलीला राहतो आणि माझे महाविद्यालय फोर्ट भागात आहे. म्हणजे रोज सुमारे 48 किलोमीटर जायचे आणि तेवढेच परत यायचे. डोंबिवली आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस धरून या मार्गावर चोवीस स्थानके आहेत, आणि शेवटच्या वर्षाच्या जुलैपर्यंत त्यांपैकी जेमतेम सहा स्थानकांवर मी उतरलो होतो.

प्रकल्पासाठी मी ‘मध्य रेल्वेचा इतिहास’ असा विषय दिला आणि आठवडाभरात बारा पानांचा आराखडा लिहून मॅडमकडे नेला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी, 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत गेलेला मार्ग, 1887-88 च्या सुमारास पूर्ण झालेली व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत आणि तिचे वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, असे सगळे त्यात होते. मॅडमनी पाने शांतपणे उलटली आणि विचारले, “यातले तू स्वतः काय पाहिलेस?” मला उत्तर देता आले नाही. “तुझ्याकडे पास आहे ना? मग उतर की मधल्या स्थानकांवर,” एवढेच त्या म्हणाल्या आणि आराखडा परत दिला.

पासावर मधल्या कोणत्याही स्थानकावर उतरता येते, हे मला अर्थातच ठाऊक होते, पण तसे करावे असे कधी वाटले नव्हते. सवलतीच्या पासासाठी आधी महाविद्यालयाच्या कार्यालयातून सही-शिक्क्याचा फॉर्म घ्यायचा, त्याची तीन दिवसांची मुदत संपायच्या आत तो स्थानकाच्या खिडकीवर द्यायचा आणि तिमाही पास काढायचा, हे तीन वर्षांत अंगवळणी पडले होते. त्या ऑगस्टमध्ये मात्र फॉर्मवर स्थानकाचे नाव चुकीचे लिहिले गेले, खिडकीवरून तो परत आला आणि नवा फॉर्म मिळेपर्यंत चार दिवस मला साधे तिकीट काढून प्रवास करावा लागला. तिकिटावर मधे उतरलो तर पुढे नवे तिकीट काढावे लागणार, म्हणून त्या चार दिवसांत मी कुठेही उतरलो नाही. तो कागद हातात असणे म्हणजे काय, हे तेव्हा कळले.

सुरुवात सँडहर्स्ट रोडपासून केली, कारण ते महाविद्यालयाच्या सर्वांत जवळचे अनोळखी स्थानक होते. या स्थानकाला दोन मजले आहेत: खाली मुख्य मार्गाचे फलाट आणि वर हार्बर मार्गाचे. जिना चढून मी वरच्या फलाटावर गेलो आणि मोबाइलने दोन-तीन छायाचित्रे काढली. तेवढ्यात एका गणवेशधारी कर्मचाऱ्याने मला थांबवले, परवानगीचे पत्र मागितले आणि ते नाही म्हटल्यावर छायाचित्रे पुसायला लावली. तो माणूस उद्धटपणे बोलला नाही, पण मी पुरता घाबरलो होतो. घरी आल्यावर बाबांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “फोटोला मनाई असेल; वही-पेन्सिलीला कोण अडवतोय?”

बाबांच्या या एका वाक्याने माझा प्रकल्प बदलला, असे मी मनापासून मानतो. छायाचित्र दोन सेकंदांत निघते. एका खांबाचे चित्र काढायला मला, चित्रकला कच्ची असल्यामुळे, वीस-पंचवीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ त्या खांबाकडे पाहत राहण्यावाचून गत्यंतर नसे. दुसऱ्यांदा सँडहर्स्ट रोडच्या वरच्या फलाटावर उभा राहिलो, तेव्हा अर्धे चित्र झाल्यावर लक्षात आले की खांबाच्या पोलादावर काही उंचवटे आहेत. रंगाचे इतके थर चढले होते की ते डोळ्यांना नीट दिसत नव्हते. मी बोट फिरवून पाहिले. आधी एक आकडा लागला, मग दुसरा: 1921. त्याच्या बाजूला जी.आय.पी.आर. ही अक्षरे होती, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी. पोलाद बनवणाऱ्या कारखान्याचे नावही तिथे असावे, पण त्याची अक्षरे मला त्या दिवशी जुळवता आली नाहीत.

व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी हार्बर मार्गाने धावली, हे माझ्या पहिल्या आराखड्यात एका ओळीत होते. ज्या फलाटावर मी उभा होतो तो त्याच मार्गावर आहे. रस्त्यांच्या डोक्यावरून नेलेल्या त्या उंच मार्गासाठी लागणारे पोलाद चार वर्षे आधीच तयार झाले होते, ही गोष्ट मला पुस्तकातून नव्हे, तर बोटांच्या टोकांतून कळली. रोज हजारो माणसे त्या खांबांना टेकून गाडीची वाट पाहतात. मीही तसाच टेकलो असतो.

त्यानंतर मी आठवड्यातून दोन दिवस परतीच्या वाटेवर एकेका स्थानकावर उतरू लागलो. भायखळ्याला बराच वेळ काढला. तिथली दगडी इमारत देशात अजूनही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या स्थानक-इमारतींपैकी एक आहे. तिच्या जतनकार्याला 2022 मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत विभागाचा वारसा पुरस्कार मिळाला. माटुंग्याला तिकीट खिडकीपासून स्थानक व्यवस्थापकापर्यंतचे सगळे काम 2017 पासून महिला कर्मचारी सांभाळतात. तिथे माझी वही पाहून एका बाईंनी मला स्वतःहून बसायला बाक दाखवला. करी रोड, चिंचपोकळी आणि परळ या तीन स्थानकांवर मला चित्रापेक्षा माणसांकडेच पाहावेसे वाटले. गळ्यात ओळखपत्रे अडकवून तिथे उतरणारी गर्दी जिथे जाते, त्यांतल्या कित्येक इमारती कापड गिरण्यांच्या जमिनीवर उभ्या आहेत. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात माझे आजोबा होते आणि त्या संपानंतरच आमचे घर लालबागहून डोंबिवलीला आले. म्हणजे मी रोज 48 किलोमीटरचा प्रवास का करतो, याचे उत्तर चिंचपोकळीच्या पुलावरून दिसत होते. हे मी प्रकल्पात लिहिले तेव्हा मॅडमनी समासात फक्त एक बरोबरची खूण केली.

शीवला जुना पूल नव्हता. 1912 मध्ये बांधलेला तो पूल ऑगस्ट 2024 मध्ये वाहतुकीसाठी बंद झाला आणि पुढे पाडण्यात आला. ज्याचे चित्र काढायचे तेच शिल्लक नव्हते, म्हणून त्या पानावर मी मोकळी जागा ठेवली. विद्याविहार ते मुलुंड ही स्थानके भराभर झाली आणि त्यांच्यावर मी फारसे लिहिलेही नाही.

मुंब्रा मात्र मला टाळता येईना. बाबा नोकरीला होते तेव्हा जलद लोकल 1916 साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यातून जात असे. बोगदा आला की डब्यातल्या भजनी मंडळींचा आवाज दुप्पट वाटे, असे ते सांगतात. 2022 मध्ये नवी मार्गिका सुरू झाल्यापासून जलद लोकलही कळवा-मुंब्र्यावरून जातात, त्यामुळे मी तो बोगदा आतून पाहिलेलाच नाही. 9 जून 2025 रोजी सकाळी याच मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा मृत्यू झाला. त्या वेळेच्या गाड्यांना मीही दारात उभा राहिलेलो आहे. मुंब्र्याच्या फलाटावर उभा राहून मी रुळांचे वळण काढले आणि त्याखाली फक्त तारीख लिहिली. रेल्वेचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिल्या गाडीची तारीख जितक्या काळजीने लिहायची, तितक्याच काळजीने ही तारीखही लिहायला हवी, असे मला वाटते आणि तोंडी परीक्षेतही मी तसे सांगितले.

तोंडी परीक्षा मार्चच्या अखेरीस झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही शेवटपर्यंत चाळली आणि विचारले, “दादर कुठे आहे? एवढे मोठे स्थानक तुम्ही कसे वगळलेत?” मी खरे ते सांगितले: चार वेळा उतरलो, पण वीस मिनिटे एका जागी उभे राहता येईल असा कोपरा मला दादरला मिळाला नाही, आणि उभे न राहता काढलेले चित्र मी प्रकल्पात घेतलेले नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हेच वाक्य दादरच्या पानावर लिहून ठेवा.” मी तिथेच, त्यांच्यासमोर ते लिहिले.

प्रती बांधून, सह्या घेऊन, ग्रंथालयाचे आणि कार्यालयाचे येणे-देणे मिटवून झाले तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला होता आणि पासाचे दोन दिवस उरले होते. वही पुन्हा पाहताना लक्षात आले की कोपर राहून गेले आहे. ते डोंबिवलीच्या अगदी शेजारचे स्थानक, आज नाही तर उद्या जाऊ, म्हणून सबंध वर्ष मागे पडले होते. संध्याकाळी धिमी गाडी पकडून मी तिथे उतरलो. सँडहर्स्ट रोडसारखेच कोपरलाही दोन मजले आहेत. मुख्य मार्गाच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग जातो. मी जिना चढून वर गेलो आणि सवयीने दिसेल त्या खांबावर बोट फिरवून पाहिले. आकडा सापडला नाही. उजेड होता तोवर चित्र पूर्ण केले आणि खाली तारीख घातली. ते पान माझ्या वहीत आहे. प्रकल्पाच्या प्रतीत ते नाही.