सेलेनाच्या गावात: कॉर्पस क्रिस्टी

ह्यूस्टनहून कॉर्पस क्रिस्टी गाडीने साडेतीनेक तास, लोक तिथे बीचसाठी जातात, आम्ही गेलो सेलेनासाठी. गाडीत 'वन्स' लावलेला, म्हणजे तिच्या हिट गाण्यांचा २००२ चा अल्बम. त्यात स्पॅनिश-इंग्लिश दोन्ही गाणी आहेत त्यामुळे मला 'कोमो ला फ्लोर' आणि बायकोला 'ड्रीमिंग ऑफ यू', भांडणाचा प्रश्नच नाही.

सेलेना किंतानिया म्हणजे तेहानो संगीताची राणी. तेहानो म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचं पोल्का, कुंबिया, पॉप सगळं मिसळलेलं संगीत. ३१ मार्च १९९५ ला याच गावात एका मोटेलमध्ये तिच्याच फॅन क्लबच्या प्रमुख बाईने तिला गोळी घातली. वय फक्त २३. आणि मग 'ऑल माय हिट्स' १९९९ मध्ये, त्याचा दुसरा भाग २००० मध्ये, मग 'वन्स'... अरे तीच ती गाणी किती वेळा विकाल! पण खरं सांगायचं तर माझ्यासारख्यांना ती कळली ती याच सीड्यांमुळे, त्यामुळे जास्त बोलत नाही.

म्युझियम लेपर्ड स्ट्रीटवर, तिच्या वडिलांच्या स्टुडिओच्याच बिल्डिंगमध्ये. तिची लाल पोर्शे, ग्रॅमी आणि तो जांभळा जंपसूट, जो घालून ती फेब्रुवारी ९५ मध्ये ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये साठ हजारांवर पब्लिकसमोर गायली, म्हणजे आमच्याच शहरात, जेमतेम महिनाभर आधी. मी त्या काचेसमोरून हलेचना. हिट्सच्या सीडीवर एकटीचा चेहरा असतो पण इथे कळतं की हा सगळा घरचा कारखाना होता, भाऊ ए. बी. बेस वाजवायचा आणि गाणी लिहायचा, बहीण सुझेट ड्रम्सवर, नवरा ख्रिस गिटारवर. वडिलांचं रेस्टॉरंट बंद पडलं तेव्हा ही पोरं लग्नकार्यात, जत्रेत, मिळेल तिथे गायची. आणि गंमत म्हणजे घरात बोलणं इंग्लिशमध्ये, स्पॅनिश गाणी तिने आधी नुसते उच्चार घोकून म्हटलेली!

मग शोरलाइन बुलेव्हार्डवर 'मिराडोर दे ला फ्लोर', १९९७ चं स्मारक, खाडीकाठी तिचा ब्राँझचा पुतळा. वारा इतका की टोपी धरूनच फोटो काढले.

याच रस्त्यावर पूर्वी मेमोरियल कोलिझियम नावाचं सभागृह होतं, २०१० मध्ये पाडलं. तिथे ७ फेब्रुवारी १९९३ ला रेकॉर्ड झालेल्या 'लाइव्ह!' अल्बमला ग्रॅमी मिळालं. परतीच्या वाटेवर तोच लावला, आणि माझं मत विचाराल तर सुरुवात त्यानेच करा, कारण त्यात पब्लिकचा आरडाओरडा आहे आणि मधेमधे तिचं बोलणंही, हिट्सच्या सीडीत ते कुठून येणार. बायकोला पटलेलं नाही. वाटेतलं व्हिक्टोरिया गाव येईपर्यंत तिने परत 'वन्स' लावलाच.