पंचवटीतले साठ भागाकार, पन्नास फुकट

नववीतल्या मुलीसमोर फुशारकी मारली आणि चार दिवस पस्तावलो. आपल्या देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या गणिती द. रा. कापरेकरांची एक डेम्लो संख्या (हे नाव त्यांचंच; हिचे अंक चढत जाऊन तसेच उतरतात), १२३४५६७८९८७६५४३२१, मूळ अवयवांत फोडून दाखवतो म्हणालो. तेही हातानं.

सुरुवात झकास. ही १११११११११ ची वर्गसंख्या, म्हणजे हे नऊ एक फोडले की झालं. ९ नं भागून १२३४५६७९, त्याला ३७ नं भागून ३३३६६७. इथं जे अडलो ते अडलोच.

३३३६६७ मूळ आहे का? वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढं. म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून बघायचं. मी पंचवटी एक्स्प्रेसचा पासवाला. नाशिकरोडला वही उघडायची, कसारा घाटात अंक नाचायचे, कल्याणला वही बंद. ३७ नं बाकी १ उरली तेव्हा वही खिडकीबाहेर भिरकावणार होतो. चौथ्या दिवशी २८१ वर आलो, साठ भागाकार झाले, तेव्हा शेजारचे निवृत्त मास्तर डोकावून म्हणाले, "एवढ्यांनी कशाला भागताय? अठराच्या पाढ्यात एक मिळवा की!"

चार दिवस शेजारीच बसत होते हे गृहस्थ!

पण मुद्दा बरोबर होता. नऊ एकांना भागणाऱ्या मूळ संख्येनं १ ला भागा. दशांशात ३ चं आवर्तन एक अंकी, ३७ चं तीन अंकी (०.०२७०२७…), उरलेल्या कुणाचंही नऊ अंकीच. आवर्तनाची लांबी त्या मूळ संख्येतून एक वजा केल्यावर येणाऱ्या संख्येला नेहमी भागते. ती वजाबाकी समही असते. म्हणून अठराची पट. १९, ७३, १०९ अशा सोळाच उरतात, शिवाय ३ आणि ३७. माझ्या साठांतले दहा कामाचे.

राहिलेले आठ कल्याणच्या आत उरकले. ५७७ नं बाकी १६१. मूळच! उत्तर ३⁴ × ३७² × ३३३६६७².

हो, स्प्रेडशीटवर ताळा करू नका. पंधरा अंकांपुढं ती शून्यं टाकते, माझे शेवटचे २१ तिनं गिळले. अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ नं भागही जातो, म्हणजे ही कापरेकरांचीच हर्षद संख्यासुद्धा. हे मात्र तोंडी जमतं.

मुलीनं वही चाळली. "बाबा, २ नं कशाला भागलंत? शेवटी ७ आहे ना?"