दोन कुणबी

गुजरातच्या सीमेवरच्या सुरगाणा तालुक्यात बदली होऊन मला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. काम दाखल्यांच्या टेबलावर. मी मूळचा निफाडचा, जातीने कुणबी. हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या होत्या. तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात, पेसा हा आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा लागू, म्हणजे सरपंच आदिवासीच. त्यामुळे जातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून रांग. कोकणा, महादेव कोळी, वारली, कोलचा, भिल्ल. नाशिकहून येणारा सगळ्यांना एका शब्दात गुंडाळतो, पण रांगेतल्या दोघांचं आपसातलं बोलणं मला निम्मंच कळायचं.

दुपारी एक बाई आल्या, सोबत सासरे. सरपंचपदाला उभं राहायचं होतं. माहेर गुजरातच्या डांग जिल्ह्यातलं, आहव्याजवळचं. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीतून त्यांनी शाळेचा दाखला काढला. तो गुजरातीत. वरची रेघ काढून टाकलेली आपलीच बाळबोध, असं समजून मी एकेक अक्षर लावत गेलो. जातीच्या रकान्यात होतं, हिंदू कुणबी.

मी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही तर ओबीसी."

"कुणबीच हाये, पन आदिवासी," सासरे म्हणाले.

"बाबा, कुणबी आदिवासी नसतो. मी स्वतः कुणबी आहे." हे मी जरा मोठ्याने म्हणालो, रांगेला ऐकू जाईल असं.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग डांगात कोन्या गावचे तुमी, भाऊसाहेब?"

रांग हसली. का, ते मला समजेना. शेजारच्या टेबलावरचे आमचे जुने सहकारी पेठचे, स्वतः कोकणा. ते उठून आले. "अहो, इकडे ज्याला कोकणा म्हणतात त्याला डांगात कुणबी म्हणतात. गुजरातची यादी बघा." मोबाइलवर पाहिली. अनुसूचित जमातींमध्ये कोकणा, कोकणी, कुकणा ही नोंद होतीच, आणि खाली वेगळी ओळ, कुणबी, कंसात 'डांग जिल्ह्यात'. मी बाईंची माफी मागितली. खुर्चीतून उठायला हवं होतं, तेवढं काही जमलं नाही.

पण गुंता तिथे सुटला नाही, उलट वाढला. जमात लग्नाने मिळत नाही, वडिलांकडून येते. वडील डांगचे, म्हणजे बाई आदिवासी खऱ्या, पण गुजरातच्या यादीतल्या. महाराष्ट्राच्या राखीव जागेवर तो दाखला चालत नाही. दाखल्यासाठी आपण ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास मागतो. त्या दिवशी डांग आणि सुरगाणा दोन्ही मुंबई राज्यातच होते. १ मे १९६०ला डांग तिकडे गेलं, सुरगाणा इकडे राहिलं. सासऱ्यांना या तारखा ठाऊक नव्हत्या. ते एवढंच म्हणाले, "माझी आईबी तिकडलीच. मला कसा मिळाला दाखला?" त्यांना मिळाला वडिलांमुळे. हे समजावताना माझं मलाच ते वकिली वाटत होतं. एखाद्या राज्यातल्या जमातीचा हक्क बाहेरून आलेल्याने घेऊ नये म्हणून नियम आहे, आणि तो मला आजही पटतो. फक्त करताना या तालुक्यातली सोयरीक कुणी विचारात घेतलेली दिसत नाही. इथे सुना अजून घाटापलीकडून येतात आणि लेकी तिकडे जातात.

२०२२च्या अखेरीस इथल्या सीमेवरच्या काही गावांनी सोयीसुविधा नाहीत म्हणून 'आम्हाला गुजरातेत घ्या' असं निवेदन गुजरातेतल्या वांसद्याला नेऊन दिलं होतं. पेपरांतून भरपूर गाजलं. ही बाई उलट्या दिशेने आली होती.

साहेबांनीही कागद पाहून तेच सांगितलं. बाईंनी सगळं नीट घडी घालून पिशवीत भरलं. वाद घातला नाही, आणि तेच मला जड गेलं.

तिसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, जावेला घेऊन. जावेचं माहेर पेठ तालुक्यातलं, कागद चोख. जाऊ चौथीपर्यंत शिकलेली, या बारावी, तीही गुजरातीतून. मराठी लिहायला सासरी येऊन शिकलेल्या. जावेचा अर्ज त्यांनीच माझ्या टेबलावर ओणवं होऊन भरला, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. जातीच्या रकान्यापाशी थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोकणा," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. सवयीने वरची रेघ राहून गेली होती. मी माझ्या पेनाने ती ओढून दिली.