लांब शॉकअप आणि आखूड पडलेला स्टँड

आमच्या गॅरेजमध्ये जुन्या बजाज चेतक स्कूटरची कामे अजूनही येतात आणि बहुतेक वेळा क्लच प्लेट, केबल किंवा कार्बोरेटरची सफाई एवढ्यावरच ती आटोपतात. पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या सहकारनगरच्या एका काकांनी आणलेल्या चेतकचे काम मात्र तपशिलाने लिहून ठेवावे असे होते, कारण तक्रार डबल स्टँडची होती आणि शोध घेत गेल्यावर ती थेट गाडीच्या पत्र्यापर्यंत पोहोचली.

काकांच्या घरी डब्यांचा व्यवसाय आहे. काकू स्वयंपाक सांभाळतात आणि काका दोन्ही वेळचे डबे तळजाईच्या चढावरच्या सोसायट्यांमध्ये आणि पर्वती पायथ्याला पोहोचवतात. मागच्या कॅरिअरवरच्या ओझ्याने गाडी मागे दबत असे आणि गतिरोधकांवर सायलेन्सर घासत असे. आपल्याकडच्या रस्तेविषयक मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच असला तरी त्याची रुंदी ३.७ मीटर धरलेली आहे. सोसायट्यांच्या दारात मात्र तीच उंची हातभर रुंदीत चढवलेली असते, आणि तिथे लहान चाकांच्या स्कूटरचे पोट हमखास टेकते. म्हणून काकांनी दुसरीकडे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या मूळ शॉकअपपेक्षा ३० मिलिमीटर लांब आणि कडक स्प्रिंगचा शॉकअप बसवून घेतला. घासणे थांबले, परंतु तेव्हापासून गाडी स्टँडवर धड उभी राहीना. आदल्या दुपारी एका उतारावर ती स्टँडवरून सुटून आडवी झाली आणि डब्यांतली आमटी रस्त्यावर वाहून गेली.

"स्टँडची स्प्रिंग गेली आहे बघ. नवी टाक आणि मला अकराच्या आत मोकळा कर," असे ते आल्या आल्या म्हणाले.

स्प्रिंग उत्तम होती. गाडी फरशीवर स्टँडला लावली आणि वर्तमानपत्राची एक पट्टी पुढच्या टायरखाली सरकवून पाहिली; ती अडकली. मागच्या टायरखालीही अडकली. स्टँडवर नीट उभ्या असलेल्या स्कूटरचे कोणते तरी एक चाक जमिनीपासून सुटलेले असते, आणि स्टँडचे दोन पाय व दुसरे चाक मिळून तीन टेकू तयार होतात. इथे दोन्ही चाके जमिनीवर होती आणि स्टँडच्या रबरी बुटांखाली पट्टी सहज इकडून तिकडे फिरत होती. म्हणजे गाडी चाकांवरच तोललेली होती आणि स्टँड नुसता खाली सोडलेला होता.

"काका, स्प्रिंगचा काही दोष नाही. तुमचा स्टँड आखूड पडला आहे," मी म्हणालो.

"स्टँडला कोणी हातच लावला नाही, मग तो आखूड कसा पडेल?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. चेतकचा स्टँड फूटबोर्डाखाली बॉडीला बोल्टने बसवलेला असतो आणि मागचे चाक इंजिनासह शॉकअपवर लोंबते. शॉकअप लांब केला की स्टँडवर चढवलेल्या गाडीचे मागचे चाक तेवढेच जास्त खाली उतरते, स्टँडची लांबी मात्र तीच राहते. त्यातच स्टँड गाडीला धरून ठेवतो तो त्याच्या झुकावामुळे. गाडी मागे ओढून स्टँडवर चढवली की त्याचे पाय बिजागरीच्या थोडे पुढे जाऊन अडतात. गाडी पुढे घसरायची झाली तर तिला आधी किंचित वर उचलले जावे लागते, आणि तिचे वजन ते होऊ देत नाही. पायांवर वजनच नसेल तर हा अडसर उरत नाही. उतारावर डबा काढताना बसलेला एक हलका धक्काही मग पुरतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आजच्या बहुतेक गिअरलेस स्कूटरांमध्ये स्टँड बॉडीला नसून इंजिनाच्या केसिंगला असतो, त्यामुळे शॉकअप बदलल्यावर स्टँड आणि मागचे चाक यांच्यातले अंतर तेच राहते. फक्त इंजिनाची पुढची बाजू थोडी उचलली जाते आणि स्टँडला फरक पडतो तो तेवढ्यापुरता. शिवाय ज्या कानांत स्टँड बसतो ते ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांवर जादा ताण देणे योग्य नाही. जुन्या चेतकचा हिशेब त्या गाड्यांना लावू नये.

आता प्रश्न लांबी किती वाढवावी याचा होता. शॉकअप ३० मिलिमीटर लांब आहे म्हणून स्टँडलाही ३० मिलिमीटरचा तुकडा जोडणारे कारागीर मी पाहिले आहेत; ती गाडी नंतर स्टँडवर चढवताना माणसाची कंबर जाते. गाडी मागून उचलली जाते तेव्हा पुढचे चाक जागेवरच असते, त्यामुळे मधल्या प्रत्येक जागेची उंची पुढच्या चाकापासूनच्या तिच्या अंतराच्या प्रमाणात वाढते. या गाडीवर टेप लावल्यावर स्टँड दोन्ही चाकांमधल्या अंतराच्या सुमारे ६० टक्क्यांवर आला. ३० चे ६० टक्के म्हणजे १८, आणि पाय पुढे झुकलेला व बाहेर फाकलेला असल्यामुळे त्याच्या लांबीत थोडे जास्त, म्हणजे २० मिलिमीटर.

हिशेब पटला तरी मी लगेच नळी कापत नाही. वेगवेगळ्या जाडीच्या लोखंडी पट्ट्या रचून त्या स्टँडच्या पायांखाली धरल्या आणि डब्यांच्या वजनाइतके सामान कॅरिअरवर बांधून गाडी काकांनाच चढवायला सांगितली. ती रोज त्यांना चढवायची असल्यामुळे माझ्या ताकदीचा इथे उपयोग नव्हता. २५ मिलिमीटरला त्यांनी दात ओठ खाऊन जोर लावला, तरी गाडी अर्ध्यावरून परत आली. २० मिलिमीटरला स्टँडवर पाय दाबून त्यांनी हँडल आणि सीटखालची कड धरून मागे ओढली आणि ती एका दमात चढली. कागदाची पट्टी पुढच्या टायरखालून मोकळी फिरली.

स्टँड सोडवण्यासाठी गाडी आडवी केली, आणि त्यानंतर काका अकराच्या आत मोकळे होण्याची शक्यता संपली. स्टँडला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या एका ब्रॅकेटच्या बोल्टापासून निघालेली केसासारखी चीर मातीच्या थराखाली लपलेली होती. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टेकवून किंचित दाबले तर ते पत्र्यात शिरले आणि गंजाचा पापुद्रा हातात आला. गाडी वारंवार स्टँडवरून सुटत होती, काका स्टँडवरच किक मारत होते, आणि प्रत्येक हिसका आधीच सडलेल्या या पत्र्यावर येत होता. आता त्यावर लांब स्टँड लावणे म्हणजे तोच हिसका अधिक लांबीच्या दांडीने देणे. मी काकांना खाली वाकवून चीर दाखवली आणि पत्रा केल्याशिवाय स्टँड वाढवून देणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांना राग आला. दुपारच्या डब्यांचे काय करायचे, हा त्यांचा प्रश्न खरा होता. अखेर आमच्या मुलाला गॅरेजची स्कूटर देऊन त्यांच्याबरोबर पाठवले आणि गाडी ठेवून घेतली.

पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर दूर ठेवली. फूटबोर्डाच्या मधल्या पोकळ उंचवट्यातून, म्हणजे बोगद्यातून, क्लचच्या, गिअरच्या केबली आणि वायरिंग जाते, ते जिथे सरकवता आले तिथे सरकवले आणि उरलेल्या भागावर ओले फडके गुंडाळले. सडका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि २ मिलिमीटरची नवी पट्टी दोन्ही ब्रॅकेटखालून बोगद्याच्या कडेपर्यंत नेऊन जोडली, म्हणजे भार बोल्टाच्या भोकांभोवती न साचता पसरेल. या कामात सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

स्टँडचे काम त्यामानाने सरळ होते. दोन्ही पाय खालच्या वळणाच्या वर, सरळ भागात कापले. नळीत घट्ट बसेल असा भरीव रॉड ओळखीच्या टर्नरकडून उतरवून घेतला आणि तो जोडाच्या दोन्ही बाजूंना आत शिरवला. नळीच्या नुसत्या काठाला काठ लावून केलेले वेल्डिंग अशा जागी टिकत नाही. आधी फक्त टाके मारले, सपाट जाड प्लेटवर स्टँड ठेवून दोन्ही पाय एका पातळीत टेकतात हे पाहिले, मग पूर्ण वेल्डिंग केले आणि पाणी न मारता आपोआप गार होऊ दिले. बसवल्यावर स्टँड मिटवून सायलेन्सर आणि टायरपासून तो किती दूर राहतो ते तपासले. सायलेन्सरच्या बाजूला जेमतेम बोटभर फट होती, पण इंजिन वरखाली झाल्यावरही तो कुठे लागत नव्हता.

मागची बाजू उचलल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली पडत होता, तो भिंतीवर खूण करून वर घेतला. चाक लोंबते ठेवून मागच्या ब्रेकची केबल ताणली जात नाही ना, हेही पाहिले. हँडल पूर्वीपेक्षा हलके लागेल, हे काकांना आधीच सांगितले.

संध्याकाळी काका आले. आमच्या गल्लीच्या उतारावर, तोंड खालच्या बाजूला करून, भरलेल्या क्रेटसह गाडी स्टँडवर लावली. काकांनी क्रेट बाजूला ओढला, सीटला दोन्ही हातांनी धक्के दिले, शेवटी हँडल धरून पुढे ढकलले. गाडी तसूभरही हलली नाही. "आता सुटली तर मात्र डबे तुझ्याकडून भरून घेईन," एवढेच ते म्हणाले आणि पैसे मोजू लागले. दुसऱ्या पावसाच्या सरीपूर्वी एकदा बोल्ट आवळायला या, असे मी बजावले. ते आले, तेव्हा वेल्डिंग जागच्या जागी होते आणि एका बोल्टाने पाव आटा घेतला.

उद्या या गाडीला कोणी मूळ मापाचा शॉकअप परत बसवला, तर हा स्टँड २० मिलिमीटर जास्त लांब ठरेल आणि गाडी चढवणे जड जाईल. म्हणून इंजिनावरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या रंगाने दोन्ही मापे लिहून ठेवली आहेत: शॉकअप ३० लांब, स्टँड २० वाढीव.