जुना लॅपटॉप, लिनक्स आणि काकांचा प्रिंटर

विंडोज १० चे नियमित अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले कितीतरी धडधाकट संगणक विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नसल्याने अडकले. इंदूरमधील परिचितांकडून तेव्हापासून एकच विचारणा होते, ती म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली टाकली तर जुना लॅपटॉप चालेल का. लॅपटॉप बहुधा चालतो. त्याला जोडलेल्या वस्तूंची चौकशी मात्र आधी करावी लागते.

लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम, कर्नल या प्रणालीच्या गाभ्याबरोबरच येतात, त्यामुळे इंटेल ग्राफिक्स असलेला आठ-दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप सहसा विनातक्रार सुरू होतो. खोळंबा होई तो काही वाय-फाय चिपांना लागणाऱ्या फर्मवेअरमुळे, म्हणजे चिपमध्ये भरावयाच्या प्रोग्राममुळे. ते मुक्त परवान्याचे नसल्याने डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी दिले जात नसे. २०२३ मधील डेबियन १२ पासून ते त्यातच मिळते, आणि नवख्या माणसासाठी हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

रामबागेत राहणाऱ्या आमच्या एका काकांचे म्हणणे स्पष्ट होते : "अरे, बाकी काही असो, पत्रिका छापता आल्या पाहिजेत." पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे लॅपटॉपमध्ये न बसवता, चालवून पाहिले, तेव्हा आवाज, टचपॅड, वाय-फाय सारे ठीक होते आणि झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप नीट जागाही झाला. प्रिंटर यादीत दिसला, पण कागद हलला नाही. स्वस्त लेझर प्रिंटरांपैकी काहींमध्ये पानाचे चित्र तयार करण्याचे काम संगणकावरच सोपवलेले असते आणि ते चित्र कंपनीच्या खासगी पद्धतीने पाठवावे लागते; त्या पद्धतीचा लिनक्स ड्रायव्हर नसेल, तर कप्स या लिनक्सच्या छपाई व्यवस्थेचाही इलाज चालत नाही. याउलट एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या छपाईच्या सामाईक पद्धती जाणणारा नेटवर्क प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरविना चालू शकतो, म्हणून नवा घेताना खोक्यावर ही नावे शोधावीत. काकांकडे तूर्त दोन्ही प्रणाली ठेवल्या असून विंडोज इंटरनेट न जोडता केवळ छपाईसाठी वापरले जाते.

मराठी लिहिण्याची सोय लिनक्सवर उत्तम आहे. इनस्क्रिप्ट हा कळफलक निवडला की शिफ्टसह J ही कळ दाबून ऱ आणि शिफ्टसह N दाबून ळ उमटतो, आणि 'दुसऱ्या' हा शब्द लिब्रेऑफिस या लेखनाच्या मोफत प्रोग्राममध्ये जसा हवा तसा दिसतो. मात्र कृतिदेव या जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या फायली तो फॉन्ट नसल्यास इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतात, कारण त्यांत मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात साठवलेलाच नसतो. अशा फायलींचे रूपांतर विंडोज पुसण्यापूर्वी करून, प्रत्येकीतील जोडाक्षरे मूळ पानाशी ताडून पाहावीत.