पॉम्पेईची वही: सात बैठका झाल्या, आठवी अडली

मागच्या नोंदीत ठरवलं होतं की नवीन डिस्क घ्यायची नाही. एकच कॉन्सर्ट फिल्म पुन्हा पुन्हा बघायची आणि दर बैठकीला नजर एकाच माणसावर ठेवायची, बाकीचे काहीही वाजवोत. फिल्म कुठली हा प्रश्नच नव्हता. पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड, इटलीतलं पॉम्पेई, ऑक्टोबर १९७१. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालून उकरून काढलेल्या शहराचं रिकामं अँफिथिएटर, मधोमध चार माणसं (ड्रमवर निक मेसन, बासवर रॉजर वॉटर्स, गिटारवर डेव्हिड गिलमोर, कीबोर्डवर रिक राइट), आणि समोर प्रेक्षक म्हणून कुणीही नाही. सात बैठका झाल्या, वही निम्मी भरली.

सेटअप तोच आहे. जुना स्टिरिओ अ‍ॅम्प, दोन बुकशेल्फ स्पीकर, एक सब-वूफर. सब-वूफरखाली आता कडाप्प्याची लादी आणि लादीखाली रबरी पायपुसणं, कारण खालच्या मजल्यावर काका राहतात. या जुगाडाने घरघर निम्म्याने कमी झाली. मोजली नाही, काकांच्या तक्रारींवरून धरलेला अंदाज आहे.

पहिली बैठक नुसत्या प्रती ताडून बघण्यात गेली. नवख्या माणसाला पहिलं कोडं हेच पडतं, की यातली कुठली बघायची? १९७२ ची मूळ फिल्म तासाभराची, नुसतं वादन. १९७४ च्या आवृत्तीत लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतले प्रसंग जोडले. 'द डार्क साइड ऑफ द मून' या त्यांच्या अल्बमचं काम चालू असतानाचे ते दिवस. वॉटर्स सिंथेसायझरवर वाकलेला, राइट पियानोवर, आणि जेवणाच्या टेबलावर निक मेसनचं वरची पारी नसलेल्या 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थासाठी चाललेलं टुमणं. २००३ ची दिग्दर्शकाची आवृत्ती डीव्हीडीवर आली. तिच्यात संगणकावर उभं केलेलं पॉम्पेई आणि अंतराळातली दृश्यं अधूनमधून डोकावतात. माझं मत विचाराल तर ती एकदा बघा आणि मग त्याच डिस्कवर मूळ तासाभराची फिल्म आहे, ती लावा. २०२५ मध्ये मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून फोर-केमध्ये सुधारलेली प्रत आली, ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनच्या नव्या ध्वनिमिश्रणासकट (मिक्स). वही आता याच प्रतीवर चालते. माझ्या जुन्या डीव्हीडीवर जे पिवळट धुकं वाटायचं ती धूळ आहे, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

दुसरी बैठक मेसनची. सुरुवात ड्रमपासून करावी असं मी आता सगळ्यांना सांगणार आहे, कारण फिल्मनेच तशी सोय करून ठेवलीय. 'वन ऑफ दीज डेज' या गाण्यात कॅमेरा जवळपास पूर्णवेळ मेसनवरच आहे. मी कित्येक वर्षं समजत होतो की ही दिग्दर्शकाची सौंदर्यदृष्टी. तसं काही नाही. त्या गाण्याची बाकीच्यांवरची रिळं हरवली, हाताशी उरला तो मेसन, असं दिग्दर्शक एड्रियन मेबन यांनीच सांगितलंय. नाइलाजाने केलेलं संकलन, आणि रॉक ड्रमिंगचा इतका जवळून घेतलेला, इतका लांब तुकडा मला दुसरीकडे बघायला मिळालेला नाही. दोन बास ड्रम, मिशीवर घाम. मध्येच हातातली काठी निसटते. तो खाली बघत नाही, दुसरी उचलतो, ठेका पुढे चालू. तो तुकडा मी सहा वेळा मागे नेऊन बघितला. काठी गेल्यावर उजवा-डावा हिशोब त्याने कसा सांभाळला ते वहीत चित्र काढून बघायचा प्रयत्न केला. चित्र फसलंय, पण पान ठेवलंय.

तिसरी वॉटर्सची. बासवर नजर ठेवायला बसलो आणि 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स'मध्ये हा माणूस बास सोडून झांजांकडे आणि मग मोठ्या गाँगकडे, म्हणजे टांगलेल्या धातूच्या थाळीकडे गेला. मागून ऊन, पुढे काळी आकृती, हात वर. ही चौकट पोस्टरवर सगळ्यांनी बघितलीय. नव्या मिक्समध्ये गाँगचा खालचा गुंजारव खूप वेळ टिकतो. त्या गुंजारवाला आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची स्टीलची ताटं उत्तर देतात. खरंच. आधी वाटलं, रेकॉर्डिंगमध्येच काहीतरी आहे. दोन ताटांच्या मधे फडकी घातली तेव्हा ते 'वाद्य' बंद झालं. ज्यांच्याकडे सब-वूफर आहे त्यांनी स्पीकर बदलण्याआधी स्वयंपाकघर तपासावं.

चौथ्या बैठकीत वीज गेली. 'एकोज' चालू, पडदा काळा, पंखा थांबला, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात वहीत पॉम्पेईच्या विजेबद्दलच लिहीत बसलो. बँडने एक अट घातली होती: वाजवल्याचं नाटक करणार नाही, मैफिलीला लागतं ते सगळं सामान आणून प्रत्यक्ष वाजवणार. लंडनहून ट्रकने सामान आलं, जोडलं, आणि लक्षात आलं की तिथली वीज एवढ्या बोज्याला पुरत नाही. शेवटी गावातल्या नगरपालिकेच्या इमारतीपासून अँफिथिएटरपर्यंत लांबच लांब केबल ओढली. जागा सहा दिवसांसाठी मिळाली होती, त्यातले पहिले या भानगडीत गेले आणि प्रत्यक्ष चित्रीकरणाला ४ ते ७ ऑक्टोबर एवढे चारच दिवस उरले. म्हणून तिथे फक्त तीन रचना झाल्या: 'एकोज', 'सॉसरफुल' आणि 'वन ऑफ दीज डेज'. बाकीचं सगळं त्या डिसेंबरात पॅरिसच्या स्टुडिओत. या माहितीचा उपयोग पुढे, दाढीच्या वेळी. वीज पाऊण तासाने आली.

पाचवी गिलमोरची. ही बैठक दोन रात्रींची झाली. 'सॉसरफुल'च्या सुरुवातीला तो उघड्या मैदानात, धुळीत मांडी घालून बसलाय, गिटार मांडीवर, हातात स्लाइड, म्हणजे तारांवरून घसरवायची नळी. स्वर जागेवर ठेवायचाच नाही, एकातून दुसऱ्यात ओघळत न्यायचा. आपल्याकडे मींड ऐकून कान तयार झालेल्याला त्यात परकं काही वाटत नाही. गंमत म्हणजे तोच गिलमोर त्याच रचनेच्या शेवटच्या भागात तोंड उघडतो तेव्हा शब्द नाहीत, नुसता 'आ'कार. मी तिथे आवाज दोन काटे वाढवतो, ही कमजोरी आहे.

त्याची ती काळी स्ट्रॅटोकॅस्टर गिटार २०१९ मध्ये लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. पण बघण्यासारखी गोष्ट गिटार नाही, पायाशी आहे. 'एकोज'च्या दुसऱ्या भागात समुद्रपक्ष्यांसारखा जो आक्रोश येतो तो वाह पेडलच्या (पायाने दाबून गिटारचा स्वर 'वाऽ' असा वळवणाऱ्या यंत्राच्या) वायरी उलट लावून काढलेला, म्हणजे गिटार जिथून आवाज बाहेर पडतो तिथे आणि अ‍ॅम्प जिथून आत जातो तिथे. माझ्या पेडलवर करून बघितलं. पहिल्या प्रयत्नाला शेजारच्या मांजराने गच्ची सोडली. चौथ्या प्रयत्नाला एक पक्षी आला, अर्धवट. प्रत्येक पेडलवर जमत नाही, जुन्या धाटणीचं लागतं. दुसरा शोध बिन्सन एकोरेकचा. हे प्रतिध्वनी देणारं यंत्र फितीवर नाही, फिरत्या चुंबकी चकतीवर चालतं, आणि ते मिलानला बनायचं. इटलीचं यंत्र लंडनला जाऊन ट्रकमध्ये बसून इटलीला परत आलं, असा माहेरपणाचा हिशोब मी समासात लिहून ठेवलाय.

सहाव्या बैठकीला काका आले. तक्रार घेऊन आले होते. "अहो, काहीतरी घरघरतंय तुमच्याकडे," म्हणाले. मी म्हटलं, "काका, आवाज कमी करतो, तोवर बसा तरी." बसले. पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "यात लोक कुठायत? रियाझाचं शूटिंग आहे का हे?"

मी हसलो, पण प्रश्न पक्का होता. मेबनची मूळ कल्पना वेगळीच होती. या बँडचं संगीत आणि मॅग्रीत, दि किरिको वगैरेंची चित्रं यांची सांगड घालायची. बँडने ती नाकारली. मग १९७१ मध्ये सुटीवर पॉम्पेईला गेलेला हा माणूस पासपोर्ट हरवला म्हणून संध्याकाळी पुन्हा अँफिथिएटरमध्ये शिरला. पर्यटक गेलेले, वटवाघळं आणि किडे, उतरता उजेड, आणि दगडांतून परत येणारा बारीकसारीक आवाज. तिथे त्याला चित्रपट दिसला. त्या काळात अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवावरच्या फिल्मने गर्दीलाच नायक करून टाकलं होतं. याने बरोबर उलटं करायचं ठरवलं. नेपल्स विद्यापीठातले एक प्राध्यापक या बँडचे चाहते निघाले म्हणून परवानगीचं घोडं गंगेत न्हालं.

काकांना मी जागेची गोष्टही सांगितली. हे अँफिथिएटर इसवी सनापूर्वी ७० च्या सुमाराचं, दगडी बांधणीतलं आज उरलेलं सगळ्यांत जुनं, सुमारे वीस हजार माणसं मावणारं. इसवी सन ५९ मध्ये खेळ बघायला आलेल्या पॉम्पेईकर आणि शेजारच्या नुकेरियाकरांत अशी मारामारी झाली की माणसं मेली आणि रोमच्या सिनेटने दहा वर्षं खेळ बंद केले. त्या दंगलीचं भित्तिचित्रसुद्धा सापडलंय, नेपल्सच्या संग्रहालयात आहे. "म्हणजे प्रेक्षक नकोच म्हणायचे," काका म्हणाले, आणि मेसनची काठी पडली तेव्हा माझ्याआधी त्यांनी बोट दाखवलं.

तरी जागा पूर्ण रिकामी नव्हती हेही त्याच रात्री नोंदवलं. गावातली काही पोरं आत घुसलीच होती. आणि 'एकोज'मधला तो सरकता शॉट बघा: कॅमेरा बँडच्या पाठीमागून जातो, स्पीकरच्या भिंती, त्यांवर स्टेन्सिलने उमटवलेलं 'पिंक फ्लॉइड, लंडन', केबलींची जाळी, आणि उन्हात उघड्या अंगाने बसलेली सामानवाली मंडळी. प्रेक्षक त्या बाजूला आहेत. फक्त ते पगारी आहेत.

सातवी बैठक रिक राइटची, आणि इथे माझी वही खरी कामाला आली. राइट हा या फिल्ममधला कालनिर्णय आहे. पॉम्पेईत त्याला दाढी आहे, पॅरिसला दाढी नाही. त्यामुळे कुठलीही चौकट थांबवा, राइट शोधा, हनुवटी बघा. 'केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, युजीन' आणि 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' ही पॅरिसची, तिथे हनुवटी गुळगुळीत आणि पाठीमागे अंधार. वॉटर्सच्या किंकाळीला ज्वालामुखी फुटतो म्हणून 'युजीन'ला मी वर्षानुवर्षं पॉम्पेईचंच समजत होतो. ज्वालामुखी कापून चिकटवलेला आहे. वहीत लाल पेन पॉम्पेईला, निळं पॅरिसला. पहिल्या वाचनात माझ्या अकरा नोंदी लालच्या निळ्या झाल्या, लाज वाटली.

पण दाढी मोजता मोजता भलतंच दिसलं. 'एकोज'मध्ये गिलमोर आणि राइट दोघं मिळून गातात, आवाज इतके जुळलेले की कुठला कुणाचा ते डोळ्यांनी बघावं लागतं. आधीच्या सहा बैठकांत राइट मला 'मागे कुणीतरी कीबोर्डवर' एवढाच दिसला होता. त्या रचनेची सुरुवातच त्याची आहे. पियानोचा एक उंच स्वर, लेस्ली या आतून फिरणाऱ्या स्पीकरमधून फिरवलेला, पाण्यात थेंब पडावा तसा. विशेष म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी ज्या अल्बममध्ये ही रचना आहे तो ब्रिटनमध्ये बाजारात आलेलाही नव्हता, नोव्हेंबरात आला. म्हणजे आपण ज्याला अभिजात म्हणून कान टेकतो ते त्यांच्यासाठी अजून ओलं होतं.

ताडून बघायला गिलमोरची २०१६ ची पॉम्पेई लावली. ४५ वर्षांनी तो त्याच जागी परतला, जुलैच्या दोन रात्री, या वेळी मैदानात प्रेक्षक उभे. रोषणाई झकपक, आवाज निर्मळ, गिलमोरचा हात आणखी मुरलेला. 'वन ऑफ दीज डेज' आहे. 'एकोज' नाही. राइट २००८ मध्ये गेला, आणि त्याच्याशिवाय ती वाजवायची नाही हे गिलमोरने पाळलंय. ही फिल्म मी पुन्हा लावलेली नाही. चांगली आहे, तरी नाही.

आता आठवी. आठवी बैठक त्या उघड्या अंगाच्या मंडळींसाठी राखून ठेवली होती: रोडी म्हणजे सामान वाहणारे, साउंडवाले, रुळांवरचा कॅमेरा ढकलणारे. गायक-वादकांवरची नजर पूर्ण काढून फक्त कडेला कोण आहे ते टिपायचं. त्यांच्यातले साउंड सांभाळणारे पीटर वॉट्स एवढे एक नावानिशी माहीत आहेत, अभिनेत्री नेओमी वॉट्सचे वडील. पण त्याच आठवड्यात अ‍ॅम्पचा डावा चॅनल गेला. दुरुस्तीला दिलाय. दुकानदार दर सोमवारी "उद्या देतो" म्हणतो, तीन सोमवार झाले. टीव्हीच्या स्पीकरवर ही फिल्म बघणं म्हणजे पुरणपोळी बिनतुपाची, म्हणून वही मिटून ठेवलीय.

दरम्यान मंगळवारी जिन्यात काका भेटले. त्यांना मी कबूल केलं होतं की पॅरिसला केलेलं 'मादमोझेल नॉब्ज' दाखवीन. त्यात गिलमोर हार्मोनिका वाजवतो, वॉटर्स गिटार, आणि राइट एका कुत्रीच्या तोंडासमोर माइक धरून बसलेला असतो, ती गाते. काकांनी अ‍ॅम्पचं विचारलं नाही, मला पाय काढू दिला नाही, एवढंच म्हणाले, "कुत्रीचं राहिलंय हं आपलं."